हिरव्या खुर्चीविरुद्ध लाल भिंत

या रंगकामातून तपासनीसांना काय मिळायचं होतं ते आधीच सांगून टाकलेलं बरं. म्हणजे पुढे काय काय गेलं त्याची वजाबाकी करायला सोपं पडेल. त्यांना एक खिडकी मिळायची होती. विकत घ्यायची नव्हती. खिडकी त्यांच्याच घराची होती, बाहेरच्या खोलीत होती, सकाळचं ऊन तिच्यातून येत होतं, रस्त्यावरची ये-जा दिसत होती आणि तिच्याशी बसलं तर वर्तमानपत्रातली बारीक अक्षरंसुद्धा चष्म्याशिवाय लागत होती. अडचण एवढीच, की त्या जागी सासऱ्यांची खुर्ची बसली होती.

खुर्ची 'बसली होती' असंच म्हणायला हवं, कारण तिच्यावर कोणी बसत नव्हतं. जाडजूड लाकूड, हातांवर कोरीव वेलबुट्टी, खाली सिंहाचे पंजे आणि वर गर्द हिरवी मखमल. सासऱ्यांनी मोठं घर सोडून लहान घर घेतलं तेव्हा ती 'चार दिवसांसाठी' इकडे आली. माणसाने एखादी वस्तू चार दिवसांसाठी ठेवून घेतली की ती त्याच्या पेन्शनीपर्यंत राहते, हा नियम तपासनीसांना तेव्हा ठाऊक नव्हता. आता ते पेन्शनीच्या उंबरठ्यावर होते आणि खुर्ची होती तिथेच होती. घरात तिचं नाव 'बाबांची खुर्ची'. बाबा वर्षातून एकदा यायचे, तिच्यावर बसायचे, निकाल राखून ठेवल्यासारखे खोलीभर बघायचे आणि परत जायचे. उरलेलं वर्ष तपासनीस समोरच्या दिवाणाच्या कोपऱ्यात, भिंतीवरच्या घड्याळाखाली, चष्मा चढवून आणि मान वाकडी करून पेपर वाचायचे.

हे गृहस्थ नोकरीने तपासनीस. दुसऱ्यांच्या कचेऱ्यांत जाऊन 'सदर मालमत्ता विनावापर पडून असल्याचे आढळले' हे वाक्य त्यांनी इतक्यांदा लिहिलं होतं की ते त्यांच्या बोटांना पाठ होतं. पण घरी तेच वाक्य तोंडातून काढायची छाती नव्हती. बायकोला 'खुर्ची हलव' म्हणणं म्हणजे सासऱ्यांना 'उठा' म्हणण्यासारखं. जो माणूस तुम्हाला मुलगी देऊन बसला आहे त्याला उठवायचं कोणत्या तोंडाने?

असा माणूस मग आडमार्गाने जातो. तो आडमार्ग तपासनीसांना वाचनालयाच्या फलकावर सापडला. 'घर आणि रंग : दर रविवारी सकाळी. फी आगाऊ.' वर्ग घ्यायला चित्रकलेच्या एक बाई होत्या. पहिल्याच रविवारी त्यांनी पुठ्ठ्याचं एक गोल चाक काढलं. त्यात पिवळा, नारिंगी, लाल, जांभळा, निळा, हिरवा असे रंग भाकरीचे तुकडे केल्यासारखे मांडले होते. बाई म्हणाल्या, "शेजारशेजारचे रंग एकमेकांचे नातेवाईक. जमवून घेतात. चाकावर अगदी समोरासमोर असतात ते मात्र एकमेकांचे विरुद्ध रंग. उदाहरणार्थ, हिरव्यासमोर बघा कोण आहे. लाल."

तपासनीसांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. समोरासमोर असणाऱ्यांचं काय होतं हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. त्यांच्या कचेरीत समोरासमोरच्या टेबलांवर बसणारे दोन हेडक्लार्क होते. एक पंखा लावायचा, दुसरा बंद करायचा, आणि शेवटी साहेबांनी एकाची बदली केली तेव्हाच ती खोली शांत झाली. म्हणजे हिरव्या खुर्चीमागची भिंत लाल केली की दोघांची जुंपणार. येणारा-जाणारा म्हणणार, 'अहो, हे डोळ्यांना खुपतं.' भिंतीची काही बदली होत नाही. म्हणजे खुर्चीची होणार. आणि या सगळ्यात तपासनीसांच्या तोंडून सासऱ्यांविरुद्ध अक्षर निघालेलं नसणार. जे काही असेल ते शास्त्राचं म्हणणं.

बाई म्हणाल्या, "विरुद्ध रंग शेजारी ठेवले की नेमकं काय घडतं ते आपण चहानंतर बघू." तपासनीस चहा पिऊन घरी गेले. त्यांना कळायचं ते कळलं होतं.

"लवकर आलात?" बायकोने विचारलं.

"सोपं आहे गं सगळं. मला काही पुढे जायची गरज वाटत नाही."

"आणि भरलेली फी?"

"ती काय परत मिळते थोडीच."

"मग मी जाते उरलेल्या रविवारी. वाया कशाला घालवायची."

आपल्या बायकोची काटकसर बघून तपासनीसांना समाधान वाटलं. हे समाधान त्यांना पुढे फार महागात पडलं, पण तो भाग अजून लांब आहे.

त्याच दिवशी त्यांनी बाहेरची खोली रंगवण्याची घोषणा केली. बायको चकित झाली. या माणसाने आजवर दाराची बिजागरी कुरकुरली तरी 'चाललंय की' म्हटलं होतं. मग ती उत्साहाने म्हणाली, "रंग काढायचाच तर जड सामान हलवायला हवं. दादाकडे मोठी खोली मोकळी आहे, त्याला फोन करून ठेवू का? खुर्ची वगैरे त्याच्याकडे..."

"छे, काही हलवायचं नाही," तपासनीस घाईने म्हणाले. खुर्चीच खोलीत नसली तर भिंतीने भांडायचं कोणाशी? "खुर्ची तर मुळीच नाही. ती जिथे आहे तिथेच राहील. झाकून ठेवू."

बायकोने त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं आणि हातात घेतलेला फोन खाली ठेवला.

रंगाची बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावरचे कर्नल काठी ठोकत खाली आले. कर्नल कधी सैन्यात नव्हते, टेलिफोन खात्यात होते. पण चालणं आणि बोलणं हुकुमाचं असल्यामुळे लोकांनीच त्यांना बढती दिली होती. त्यांचं म्हणणं, "तपासनीस, निळा लावा. निळ्याने रक्तदाब उतरतो. माझा उतरला." समोरच्या काकूंचं म्हणणं, "पिस्ता लावा. आमच्याकडे पिस्ताच आहे." म्हणजे तुमच्याकडेही तोच असला की आमचा चुकला असं कोणी म्हणायला नको. रंगारी आला तो सरळ निकालच घेऊन आला. "साहेब, क्रीम मारा. क्रीम कुणाशी भांडत नाही." त्याच्याकडे मागच्या कामावरचा अर्धा डबा क्रीम शिल्लक होता, हे पुढे कळलं.

"मला भांडणारा रंगच हवा आहे," असं तपासनीस म्हणू शकत नव्हते. ते नुसतं म्हणाले, "लाल. विटकरी लाल."

कर्नल म्हणाले, "घरात राहायचं आहे ना?"

रंगाच्या दुकानात वेगळीच तऱ्हा. तिथे लालाला कोणी लाल म्हणत नव्हतं. जाडजूड पुस्तकातल्या प्रत्येक चौकोनाखाली एकेक बारशाचं नाव होतं: 'मावळतीचा मान', 'मूक अंगार', 'प्रौढ गुलाब'. दुकानाच्या पांढऱ्याशुभ्र ट्यूबलाइटखाली 'मूक अंगार' अगदी सभ्य, पोक्त, विटेसारखा दिसला. दुकानदार म्हणाला, "एकदा मशीनमध्ये मिसळला की परत घेत नाही." मिसळला. संध्याकाळी घरी, पिवळ्या दिव्याखाली डबा उघडला तर तो अंगार मूकबिक काही नव्हता. चांगला बोंबलत होता. तपासनीस मनातून हरखले. खुर्चीची आता धडगत नव्हती.

पण ब्रश लागायच्या आत सोसायटीचे सेक्रेटरी दारात. नियमात म्हणे असं होतं, की इमारतीची जी भिंत बाहेरून दिसते तिच्या रंगाला कमिटीची मंजुरी लागते.

"पण ही आतली भिंत आहे."

"खिडकीतून दिसते."

"रस्त्यावर उभं राहून मान वाकडी केली तर."

"लोक करतात, साहेब. मी स्वतः करून बघितली." सेक्रेटरींनी फाइल उघडली. "एक नमुन्याचा चौकोन रंगवून ठेवा. कमिटी बघेल, मग काय ते ठरेल."

तेव्हा रंगाऱ्याने पांढऱ्या भिंतीवर, खुर्चीच्या जरा वर, परातीएवढा लाल चौकोन काढला आणि 'मंजुरी आली की फोन करा' म्हणून दुसऱ्या कामावर गेला. कमिटीची सभा काही भरेना. कधी अध्यक्ष गावाला, कधी खजिनदाराचे दात. तपासनीस रोज दिवाणाच्या कोपऱ्यात बसून त्या चौकोनाकडे डोळे लावायचे. पेपर मांडीवर, चष्मा नाकावर, नजर भिंतीवर. खिडकी त्या चौकोनाच्या पलीकडे त्यांची वाट बघत होती.

अशाच एका सकाळी त्यांनी उसासा टाकून मान मागे टाकली. पांढऱ्या छतावर हिरवट डाग होता. ओल. शेवाळी, फिकट, आणि बऱ्यापैकी चौकोनी.

वर कोण राहतं? कर्नल. त्या जागेच्या वर काय आहे? कर्नलांचं न्हाणीघर. तपासनीसांच्या हातात लेखणी आपोआप आली. सोसायटीला त्यांनी जो अर्ज दिला तो त्यांच्या नोकरीतल्या उत्तम अहवालांच्या तोडीचा होता. शेवटी, जरा वजन यावं म्हणून, त्यांनी लिहिलं: 'गळती न आढळल्यास होणाऱ्या सर्व खर्चाची जबाबदारी अर्जदाराची राहील.' अशी वाक्यं माणूस दुसऱ्याच्या तोंडचं पाणी पळवायला लिहितो. आपल्याकडचं पाणी जाईल असं त्याच्या मनातही नसतं.

कर्नल तरातरा खाली आले. "तपासनीस, पाणी चौकोनी गळत नाही."

"तुमची टाकी चौकोनी आहे ना?"

"माझी बादली गोल आहे. मग गोल का नाही गळालं?"

सेक्रेटरींनी दोन्ही कामं एका फेरीत उरकायचं ठरवलं: नमुन्याचा चौकोन आणि छताची ओल. तिघे दिवाणावर ओळीने बसले. बायकोने चहा दिला. सेक्रेटरींनी चौकोनावर डोळे रोखून नियमाचं पोटकलम वाचलं, मग त्याचा अर्थ सांगितला, मग मागच्या वर्षी कोणी कसा मोडला तेही सांगितलं. कर्नल रागाने त्याच चौकोनाकडे बघत गुरगुरत होते. चहा निवला. शेवटी तपासनीस म्हणाले, "आणि आता वर बघा."

तिघांनी वर बघितलं.

"आहे," सेक्रेटरी म्हणाले.

"आहे खरी," कर्नल म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "पण ही तर पंख्याजवळ आहे."

"पंख्याजवळ कुठे? कोपऱ्यात आहे."

"मला दिव्याच्या वर दिसते," सेक्रेटरी म्हणाले. मग गंभीर झाले. "पसरते आहे."

सेक्रेटरी स्टुलावर चढून बोटाने छत चाचपू लागले तेव्हा छत कोरडं होतं आणि डागही नाहीसा झाला होता. पण प्लंबरला बोलावल्यावर त्याने याचाही उलगडा केला. "ओल अशीच असते साहेब. माणूस बघायला चढला की लपते." एवढ्या अनुभवी मतानंतर काय बोलायचं? शनिवारी कर्नलांचं न्हाणीघर फोडलं. नवी कोरी फरशी उखडली, पाइप उघडा पडला. तो ठणठणीत कोरडा होता. मग भिंत फोडली. तीही कोरडी. प्लंबर म्हणाला, "आणखी आत असेल."

रविवारी बायको वर्गावरून आली. चपला काढता काढता म्हणाली, "अहो, आज गंमतच शिकवली बाईंनी. लाल रंगाकडे खूप वेळ टक लावून बघितलं ना, की डोळे शिणतात. मग पांढऱ्याकडे बघावं तर तिथे हिरवं दिसतं. खरं काही नसतं, डोळ्यातच असतं. आकारसुद्धा तोच. मला एकदम आपलं छत आठवलं."

तपासनीसांनी चौकोनाकडे नीट टक लावून बघितलं, आणि छताकडे बघितलं. वरून छिन्नीचा आवाज येत होता.

कर्नलांना हे कसं सांगितलं, तो प्रसंग वगळलेला बरा. माणसाची अब्रू म्हणून काही असते. एवढंच सांगतो की 'डोळ्यात ओल होती' हे स्पष्टीकरण कर्नलांनी तपासनीसांकडून दोनदा वदवून घेतलं, दुसऱ्यांदा काकूंच्या समोर. फरशी, भिंत, प्लंबर, सगळं अर्जातल्या शेवटच्या वाक्यावर आलं. आणि वरचं न्हाणीघर दुरुस्त होईपर्यंत कर्नल रोज सकाळी टॉवेल खांद्यावर टाकून, साबणाची डबी घेऊन, आंघोळीला खाली. आंघोळीनंतर ते दिवाणाच्या कोपऱ्यात, घड्याळाखाली बसायचे आणि तपासनीसांचा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचे. तपासनीस उभे.

कमिटीने रंगाला मंजुरी दिली ती या सगळ्याला कंटाळून. रंगारी आला. तपासनीस कचेरीत असताना त्याने मन लावून काम केलं. संध्याकाळी ते परतले तेव्हा खुर्ची चादरीत नखशिखान्त गुंडाळलेली होती आणि दिवाण उघडा. दिवाणावर लाल शिंतोडे, घड्याळावर लाल शिंतोडे, आणि जिथे तपासनीस वर्षानुवर्षं बसत तिथे तर डबाच कलंडलेला.

"अरे, हे काय?"

"चादर एकच होती साहेब. तुम्हीच सांगितलं होतं ना वहिनींना, खुर्चीला काही होता कामा नये. त्यांनी ती चादर खुर्चीवर घालायला लावली."

तपासनीस मनात म्हणाले, जाऊ दे. दिवाण गेला तर गेला. आता चादर निघेल, भांडण दिसेल, खुर्ची जाईल, आणि खिडकीशी एक साधी वेताची खुर्ची येईल. बायकोने चादर ओढली.

भांडण दिसलं नाही. दिसली ती खुर्ची. लाल भिंतीपुढे ती हिरवी मखमल अशी उजळून उठली, की एवढी वर्षं ती खुर्ची आजारी होती आणि आज बरी झाली असं वाटावं. वेलबुट्टीचं पान न् पान उठून दिसत होतं. सिंहाचे पंजे आता चालू लागतील असे. बाकीची खोली, म्हणजे टेबल, कपाट, पडदे आणि दारात पिशवी घेऊन उभे असलेले तपासनीस, हे सगळं मात्र एकदम धुतल्यावर विटलेल्या कपड्यासारखं दिसायला लागलं.

"वा," मागून सेक्रेटरी म्हणाले. ते मंजुरीची प्रत द्यायला आले होते. "सिंहासन."

काकूही डोकावल्या. आपल्या पिस्त्याचं नाव न काढता म्हणाल्या, "खुर्ची कोणाची हो एवढी छान? आधी कधी लक्षातच आली नाही."

तपासनीसांनी बायकोला बाजूला घेतलं. "पण हे विरुद्ध रंग आहेत ना? समोरासमोरचे?"

"हो ना." तिचे डोळे भरून आले होते. "विरुद्ध रंग शेजारी ठेवले की दोन्ही जास्तीत जास्त खुलतात. पहिल्याच रविवारी, चहानंतर शिकवलं म्हणे ते. मला तर दुसऱ्या रविवारी बाईंनी सांगितलं, तेव्हा कळलं तुम्ही लालच का म्हणताय. कोणी काही बोललं तरी हटला नाहीत. बाबांच्या खुर्चीसाठी." ती थांबली. "मीच वाईट. मला वाटत होतं, तुम्हाला त्या खुर्चीची अडचण होत असेल. तुम्ही बोलणार नाही म्हणून मीच ठरवलं होतं, रंगाच्या निमित्ताने दादाकडे पाठवून द्यायची. कायमची. म्हटलं, खिडकीशी तुम्हाला बसता येईल. पण तुम्ही म्हणालात, ती जिथे आहे तिथेच राहील."

तपासनीसांनी हातातली पिशवी हळूच खाली ठेवली.

"दादाला मग फोनच नाही केला," ती म्हणाली. "बाबांना मात्र केला. सगळं सांगितलं. त्यांना इतकं बरं वाटलं, म्हणाले, जावयाने एवढं केलं तर येऊन राहिलंच पाहिजे."

बोलताना तिच्या ओठाच्या कोपऱ्यात काही हललं की काय, याचा तपासनीसांना आजतागायत उलगडा झालेला नाही. त्या भिंतीच्या लाल झाकेत माणसाच्या चेहऱ्यावरचं काही नीट कळत नाही.

बाबा आले. नुसते आले नाहीत, पायाखालचा हिरव्या मखमलीचा चौरंगही घेऊन आले. तो म्हणे जोडीचाच होता. परतीच्या तिकिटाचा विषय कोणी काढला नाही. रोज सकाळी ते खिडकीशी बसतात, पाय चौरंगावर ठेवतात, चष्मा काढून खिशात घालतात आणि पेपरातली बारीक अक्षरं मोठ्याने वाचतात.

"जावईबापू," मध्येच ते आतल्या दिशेने म्हणतात, "उजेड काय सुरेख आहे हो इथे."

"हो ना," तपासनीस स्वयंपाकघरातून म्हणतात.

आता कोणी किती भरलं ते बघू. कर्नलांनी जुनं न्हाणीघर दिलं आणि नवं घेतलं. सेक्रेटरींनी एक सही दिली. रंगाऱ्याने एक चादर दिली, बदल्यात त्याचं अर्धा डबा क्रीम स्वयंपाकघराच्या भिंतीवर खपलं. बायकोने उरलेले रविवार दिले आणि भरलेली फी दामदुपटीने वसूल केली. सासऱ्यांनी काही दिलं नाही, ते बसले. उरलेलं सगळं तपासनीसांच्या खाती: फरशी, भिंत, दिवाण, घड्याळ, आणि मागितली असती तर फुकट मिळणारी एक खिडकी. ते आता 'मूक अंगार'च्या रिकाम्या डब्यावर, ओट्याशी, चष्मा चढवून बसतात. पेपर त्यांच्या हाती बाबांचा वाचून झाल्यावर येतो.